परदेशी कॉलची वेळ ठरवण्याआधी: टाइम झोन कन्व्हर्टर वापरण्याची तयारी

पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क अशा तीन ठिकाणच्या लोकांचा दर आठवड्याला कॉल लावायचा असेल, तर कन्व्हर्टर उघडण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा: प्रत्येकाचं शहर, पहिल्या आणि शेवटच्या कॉलची तारीख, आणि कुणाच्या घड्याळातली वेळ वर्षभर हलता कामा नये. तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी कुणी ठरवतच नाही, आणि मार्च उजाडला की त्यावरूनच गोंधळ सुरू होतो.

कन्व्हर्टरमध्ये शहराचंच नाव टाका, आद्याक्षरं नकोत. ‘आयएसटी’ भारताची, तशीच इस्रायलची आणि आयर्लंडच्या उन्हाळी वेळेचीही (काही देश उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, ती उन्हाळी वेळ). ‘सीएसटी’ शिकागोची आणि चीनचीही. शिवाय न्यूयॉर्कचे लोक बोलताना बारा महिने ‘ईएसटी’च (तिथली हिवाळी वेळ) म्हणतात. उन्हाळ्यात तिथे ‘ईडीटी’ (उन्हाळी वेळ) चालू असते, त्यामुळे जुलैच्या तारखेला ‘ईएसटी’ टाकली की उत्तर एका तासाने चुकू शकतं. अमेरिकेत समोरच्याचं नेमकं शहर विचारूनच घ्या, कारण अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये घड्याळ बदलतच नाही. आपल्यासाठी यादीत ‘एशिया/कोलकाता’ शोधा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते ‘एशिया/कलकत्ता’ असतं, दोन्ही एकच. मुंबई किंवा पुणे सापडलं नाही म्हणून अडून राहू नका.

तारखेतला महिना अक्षरात लिहा. ०३/०४/२०२६ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. या दोन तारखांच्या मधेच घड्याळं बदलतात, तेव्हा इथे दिवसही चुकतो आणि तासही.

आता टूल पारखून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. भारतातले दुपारचे १२ टाकले की काठमांडूत १२:१५ दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर त्या टूलला पाव तासाचे फरक कळत नाहीत आणि यूटीसीपेक्षा (जागतिक प्रमाण वेळेपेक्षा) आपण साडेपाच तास पुढे आहोत, त्या हिशेबावरही भरवसा ठेवू नये. मग १५ जुलैचे भारतातले दुपारचे १२ मेक्सिको सिटीत बघा. उत्तर रात्रीचे १२:३० यायला हवं. १:३० आलं तर माहिती शिळी आहे, कारण मेक्सिकोने बहुतेक भागात उन्हाळी वेळ २०२२ मध्येच बंद केली. अनेक वेब टूल्स ही माहिती तुमच्या ब्राउझरमधूनच घेतात, म्हणून आधी ब्राउझर अपडेट करा.

सगळ्यात जास्त लक्ष मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटाकडे द्या. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनमध्ये हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. आपलं घड्याळ जागचं हलत नाही. २०२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सकाळी ९ चा कॉल धरला, तर ७ मार्चपर्यंत तो पुण्यात संध्याकाळी ७:३० आणि लंडनला दुपारी २ वाजता. ८ मार्चपासून पुण्यात ६:३०, लंडनला १. २९ मार्चला लंडन पुन्हा २ वर जातं, पुणे ६:३० वरच. परत येताना २५ ते ३१ ऑक्टोबर या आठवड्यात लंडनला १ वाजता, आणि १ नोव्हेंबरपासून सगळं हिवाळ्यासारखं. म्हणून कन्व्हर्टरमध्ये एकच तारीख टाकून थांबू नका. फेब्रुवारी, मार्चचा मध्य, एप्रिल आणि ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा अशा चार तारखा तपासा.

मग कॅलेंडरकडे वळा. इन्व्हाइट बनवताना वेळेशेजारी टाइम झोन निवडायची सोय असते, तिथे ज्याची वेळ हलवायची नाही त्याचा झोन द्या. ‘कोलकाता’ दिलं आणि कॉल संध्याकाळी ७ ला ठेवला, तर न्यूयॉर्कमध्ये तो हिवाळ्यात सकाळी ८:३० ला आणि उन्हाळ्यात ९:३० ला होईल. ज्यांना शाळेतून मुलं आणायची आहेत किंवा ठरलेल्या वेळेची कंपनीची बस गाठायची आहे, त्यांचा झोन धरावा हे आमचं स्पष्ट मत आहे. क्लायंटचाच धरायला हवा असा काही नियम नाही.

वार वेगळा बघा. कॅलिफोर्नियातले शुक्रवारचे दुपारचे ४ म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे ४:३०, हिवाळ्यात ५:३०. मध्यरात्रीची वेळ कधीच देऊ नका. ‘१० तारखेचे रात्रीचे १२’ म्हणजे ९ ची रात्र की १० ची, यावर हमखास वाद होतो. ११:५९ लिहा. निरोपात प्रत्येक शहराची वेळ, वार आणि तारीख वेगवेगळ्या ओळीत द्या.

कॉम्प्युटरवर रात्री आपोआप चालणारं काम न्यूयॉर्कच्या वेळेवर लावलं असेल तर तेही तपासा. ८ मार्चला तिथे २:३० वाजतच नाहीत, आणि १ नोव्हेंबरला रात्रीचे १:३० दोनदा वाजतात. पहिल्या रात्री काम राहून जाऊ शकतं, दुसऱ्या रात्री दोनदा होऊ शकतं. असं काम यूटीसीवर ठेवा, ती वर्षभर बदलत नाही. न्यूयॉर्कचं घड्याळ बदलतं त्या क्षणी भारतात मार्चमध्ये दुपारचे १२:३० आणि नोव्हेंबरमध्ये सकाळचे ११:३० झालेले असतात, तेव्हा लॉग (कामाची नोंद) इथूनच भर दिवसा बघता येतो.