गावाला घर बांधताय? स्क्वेअर फुटाचा रेट सोडा, मिरगापासून उलटं मोजा

गावाला घर बांधायचं ठरलं की मुंबईहून पहिला फोन एकाच प्रश्नाचा येतो, तिकडे स्क्वेअर फुटाला काय रेट चाललाय. ठेकेदार पण लगेच एक आकडा सांगून मोकळा होतो. आता त्या आकड्यात जोतं किती फूट उंच धरलंय, पाण्याची टाकी आणि गडगा (दगडी कुंपण) आहे की नाही, ट्रक दारात येतो की पाखाडीखालीच (पायऱ्यांच्या वाटेखालीच) थांबतो, यातलं काहीच नसतं, आणि मग अर्धं घर झाल्यावर "हे एक्स्ट्रा, ते एक्स्ट्रा" सुरू होतं. कोकणात अजून एक भानगड आहे, इथे मिरगाला, म्हणजे ७ जूनच्या सुमाराला, पाऊस लागतो, त्यामुळे खर्च आणि वेळ वेगवेगळे मोजताच येत नाहीत. स्लॅब एप्रिलच्या मध्याआधी पडला तर घराचा खर्च एक, आणि नाही पडला तर त्याच घराचा खर्च दुसराच. म्हणून अंदाजपत्रक आणि कॅलेंडर एकाच वेळी बनवायचं. एक्सेल नसेल तर शंभर पानी वही चालते. सळईचं डिझाइन तेवढं इंजिनिअरकडूनच घ्या, त्यात काटकसर नको.

पैशाला हात लावायच्या आधी सातबारा बघा. सामाईक असेल, काका-आत्यांची नावं असतील तर सगळ्यांची संमती लेखी घ्या, कारण जोत्यावर आलेलं काम हरकतीमुळे थांबलं की सगळं कॅलेंडर कोसळतं. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्यात, जागा येते का ते पण आधी बघून घ्या. आणि अंदाजपत्रक करायच्या आधी जागेवर दोन-तीन ठिकाणी खड्डे मारून घ्या. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, वीतभर खाली कातळ लागतो आणि ब्रेकर तासावर लावावा लागतो, खाली भाटात, म्हणजे सखल जमिनीत, गेलात तर चार-पाच फूट खणून पण घट्ट जमीन मिळत नाही. दोन्हीकडे घर तेच, पण पायाचा खर्च अजिबात सारखा नाही.

आता क्वांटिटी. हेच खरं काम आहे आणि हेच लोक टाळतात. चिऱ्यापासून, म्हणजे जांभ्या दगडाच्या कापीव ठोकळ्यापासून, सुरू करू. चिऱ्याचा साइज खाणीप्रमाणे बदलतो त्यामुळे टेप घेऊन खाणीवर जा. समजा १४ × ९ × ७ इंची मिळाला आणि भिंत ९ इंची आहे, तर समोरून दिसणारा भाग १४ × ७, अर्धा इंच सांधा धरला की १४.५ × ७.५, म्हणजे साधारण पाऊण चौरस फूट. १०० चौरस फूट भिंतीला १३२ चिरे झाले, वर फूटतूट ५ टक्के धरा, १४० धरून चला. दारं-खिडक्या वजा करून एकूण भिंत काढा, गुणाकार करा, झालं. ठेकेदाराने दीडपट आकडा सांगितला तर आता विचारायला तोंड आहे तुमच्याकडे.

स्लॅबचं पण असंच. १००० चौरस फूट, ५ इंच जाड, म्हणजे ४१७ घनफूट, मीटरमध्ये ११.८ घनमीटर. १:१.५:३ च्या मिक्सला (सिमेंट, वाळू, खडी) एक घनमीटर ओल्या काँक्रीटला सुका माल १.५४ घनमीटर लागतो, त्यावरून सिमेंट येतं घनमीटरला ८ गोणी. म्हणजे स्लॅबला ९५ गोणी, वाळू पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी साडेतीन ब्रास. सळई प्राथमिक अंदाजाला घनमीटरला ८० ते १०० किलो धरतात, म्हणजे एक टनाच्या आसपास, पण बीम यात नाहीत ते वेगळे मोजा. ड्रॉइंग हातात आलं की अंदाज सोडून नीट वजन काढा, सळईच्या व्यासाचा एमएममध्ये वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं, मीटरला किलो मिळतात. ८ एमएम ०.३९५, १० एमएम ०.६१७, १२ एमएम ०.८८९. काट्यावरची पावती याच्याशी ताडून बघा.

वाळूत जास्तीत जास्त पैसे जातात आणि कळत पण नाही. ब्रास डंपरवाल्याच्या तोंडावर मोजायचा नसतो, टेप लावून बॉडीची लांबी × रुंदी × उंची करायची आणि १०० ने भागायचं. १० × ६ × ३.५ फुटाची बॉडी असेल तर २.१ ब्रास होतात, "तीन ब्रास आहे साहेब" असं नाही. दुसरं म्हणजे ओली वाळू फुगते, चांगली २०-२५ टक्के सुद्धा, त्यामुळे पावणेदोन ब्रासच्या कामाला ओली वाळू सव्वादोनच्या घरात लागते. खाडीची वाळू असेल तर खारट असते, सळईला वैरीण. आता बहुतेक ठिकाणी क्रश सँडच, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरतात आणि माझं मत विचाराल तर चांगल्या क्रशरची धुतलेली क्रश सँड ही कुठून आली माहीत नसलेल्या वाळूपेक्षा कधीही बरी.

मग येतं लीड, म्हणजे माल किती लांबून येतो. सिमेंट-सळई घाटावरून येत असेल तर आंबा घाट, फोंडा घाट, गगनबावडा, जो तुम्हाला जवळ तो, आणि पावसात दरड आली की तोही बंद. हे तरी कळतं लोकांना, पण शेवटचे दोनशे फूट कोणी धरत नाही. आपल्याकडे कितीतरी वाड्यांत ट्रक रस्त्यावर थांबतो आणि पुढे पाखाडीने डोक्यावरून चिरे न्यायचे. ही वाहतूक नगावर ठरते आणि चढण असेल तर चिऱ्याच्या खाणीवरच्या किमतीला टक्कर देईल इतकी होऊ शकते. अंदाजपत्रकात तिची वेगळी ओळ पाहिजेच. कधी कधी शेजाऱ्याच्या कुंपणातून तात्पुरता रस्ता मागून घेणं, त्यासाठी गोड बोलणं आणि नंतर त्याचा गडगा नवा बांधून देणं, हे सगळ्यात स्वस्त पडतं.

दर घेताना प्रत्येक गोष्टीला तीन ठिकाणी विचारा आणि जीएसटीसकट की सोडून ते लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे त्याच्या आधीची कोटेशनं घेऊन बसू नका. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची नेटवर मिळते, तिचे दर जसेच्या तसे लागू पडत नाहीत पण कुठल्या आयटममध्ये काय काय धरतात ते समजायला उत्तम. सरकारी अंदाजपत्रकात अनपेक्षित खर्चाला ३ ते ५ टक्के ठेवतात, गावच्या घराला मी १० ठेवा म्हणेन. आणि ते ठेकेदाराला सांगू नका.

समुद्रकाठच्या लोकांसाठी थोडं जास्त लिहितो कारण इथे पैसे वाचवून काही फायदा नाही. आयएस ४५६ हे काँक्रीटचं २००० सालचं कोड किनारी हवेला सीव्हिअर, म्हणजे कडक, म्हणतं, आणि त्यात आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) कमीत कमी एम ३० काँक्रीट (एमचा आकडा म्हणजे ताकद, मोठा तितकं मजबूत) आणि सळईवर ४५ एमएम कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितलंय. घमेल्याने मोजून केलेलं वरचं १:१.५:३ चं मिक्स एम २० च्या पुढे कोड धरतच नाही. म्हणजे किनाऱ्यावर मिक्स डिझाइन करून घ्यायचं, वरचे आकडे फक्त पहिल्या अंदाजाला. सिमेंट खूप वाढतं असं नाही, खरी गोष्ट पाण्याची आहे, काँक्रीट घट्ट वाटलं की मिस्त्री बादलीभर पाणी ओततो तिथे सगळं बिघडतं. प्लॅस्टिसायझरचा (जास्त पाणी न घालता काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाचा) खर्च धरा, सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक विकत आणा, चिऱ्याचे किंवा फरशीचे तुकडे सळईखाली सारायचे नाहीत. विहिरीचं पाणी खारं लागत असेल तर तपासून घ्या, आरसीसीला लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड चालत नाही. एकमजली घराला चिऱ्याच्या भिंतीवरच स्लॅब घेतला तर कॉलमचा खर्च वाचतो, हे इंजिनिअरला जरूर विचारा, पण लिंटेलचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरचा काँक्रीटचा, पट्टा सलग फिरवायचा तो फिरवायचाच. १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या शेजारीच झाला होता.

आता कॅलेंडर. वहीच्या शेवटच्या पानावर ७ जून लिहा, मिरग, आणि उलटे मागे या. त्याच्या आधी बाहेरचा गिलावा, निदान पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीचा, कारण पावसाची झड तिथूनच बसते. त्याच्या आधी आतला गिलावा. त्याच्या आधी बीमचे टेकू निघाले पाहिजेत, ६ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) १४ दिवस, त्याहून मोठ्याला २१. स्लॅबवर पाणी मारायचं, साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर १० दिवस. हे सगळं मागे मोजत आलं की स्लॅब मार्चअखेर पडायला पाहिजे, अगदी उशीर म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला गेलेल्या असतात, टँकर मागवून स्लॅब भिजवायला लागतो, तो खर्च पण लिहा.

स्लॅबच्या मागे भिंती, त्याच्या मागे जोतं आणि भराव, भराव थरा-थराने पाणी मारून धुमसायचा, एकदम ओतायचा नाही, नाहीतर लादी खचते. म्हणजे पाया दसऱ्याच्या आसपास सुरू झाला पाहिजे. चिरेखाणी पावसात पाण्याने भरलेल्या असतात, पाऊस गेल्यावर लगेच सगळ्यांनाच चिरा हवा असतो, म्हणून चिऱ्याचा सौदा आदल्या मे महिन्यातच करून माल जागेवर टाकून घेतलेला बरा. पाया, जोतं, भिंत, स्लॅब, गिलावा ही साखळी. यातलं एक काम आठवडाभर लांबलं की घर आठवडाभर लांबतं. रंग, गेट, कपाटं यांना ढील आहे, त्यांच्यावर डोकं खपवू नका. दारांच्या चौकटी मात्र भिंतीबरोबर लागतात, सुताराला दिवाळीच्या आधी ऑर्डर द्या. महावितरणच्या तात्पुरत्या मीटरचा अर्ज पण आधीच.

कॅलेंडरवर लाल पेनाने शिमगा लिहा, गावची जत्रा लिहा, कारण त्या दिवसांत माणूस मिळणार नाही आणि मिळाला तर कामावर नसेल. बाहेरून आलेली सेंटरिंगची (स्लॅबचा साचा लावणारी) आणि फिटिंगची (सळई बांधणारी) पोरं होळीला गावी जातात ती कधी परततील ते त्यांनाच माहीत, आणि पुढे आंब्याचा सीझन लागला की मजूर आणि टेम्पो दोन्ही बागेत. "काय एक काळजी करू नकास, सगळा होतला" असं मिस्त्री म्हणाला की तारीख विचारायची आणि वहीत लिहायची.

आणि गणित जमत नसेल तर? फेब्रुवारीअखेर भिंती लिंटेलपर्यंत आल्या नसतील तर मी स्लॅब ढकलण्याचा सल्ला देईन, भिंती पूर्ण करा, वर प्लॅस्टिकने झाका आणि ऑक्टोबरची वाट बघा. मेअखेर घाईत स्लॅब टाकायला गेलात आणि वळवाने गाठलं, किंवा सळई बांधून झाली आणि पाऊस आला, तर सळई गंजते, सेंटरिंगच्या प्लेटांचं भाडं चालूच राहतं, माणसं निघून जातात. वादळं पण याच दिवसांत येतात, तौक्ते मे २०२१ मध्ये आलं, निसर्ग ३ जून २०२० ला, दापोली-श्रीवर्धनकडे त्याने घरांचे पत्रे कसे उडवले ते सगळ्यांनी बघितलंय. वर पत्र्याची शेड करणार असाल तर तिचे बोल्ट आणि अँकर ही पण अंदाजपत्रकातली ओळच.

पैसे टप्प्याने द्या, तारखेने नाही. मी साधारण असं सुचवतो: सुरुवातीला १० टक्के, जोतं झालं की १५, लिंटेलला १५, स्लॅब पडल्यावर २५, गिलाव्याला १५, लादी-रंगाला १५, आणि शेवटचे ५ एक पावसाळा काढल्यावर. प्रत्येक एक्स्ट्रा काम करायच्या आधी व्हॉट्सॲपवर रेट आणि माप लिहून "ओके" घ्या, तोंडी काही नाही. तुम्ही मुंबईत आणि काम गावाला असेल तर पायाचे खड्डे भरायच्या आधी आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी सळईचे फोटो टेप लावून मागवा, एकदा झाकलं की काही दिसत नाही.

गिलाव्याचं बिल मोजताना भांडण ठरलेलं. नियम असा आहे: अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही, अर्धा ते तीनपर्यंत एकाच बाजूचं वजा करायचं, तीनच्या वर दोन्ही बाजू वजा आणि कडेचा गिलावा वेगळा मोजून द्यायचा. हे कराराच्या कागदावरच लिहून टाका. राहिलेले ५ टक्के देण्याआधी जुलैमध्ये दोन दिवस मुद्दाम गावाला जा, चांगली झड असताना, आणि पश्चिमेच्या खिडक्यांचे खालचे कोपरे, स्लॅब आणि भिंतीचा सांधा, बाथरूमच्या मागची भिंत हात लावून बघा. ओल लागली तर दुरुस्ती दिवाळीच्या आत करून घ्या, पैसे त्यानंतर.