निंबाचा धूर केला, कापूर जाळला, तरी मच्छर हटेना? मग या चुका टाळा

मागच्या जुलैत आमच्या घरी आठ दिवस रोज दिवेलागणीला धूर चालू होता. गोवरीच्या निखाऱ्यावर ओला निंबाचा पाला, वरून कापराच्या दोन वड्या, घरातले सगळे खोकून बेजार आणि मच्छर जसेच्या तसे. शेजारच्या मावशी दारातूनच ओरडल्या, "काय करू राहिली वं, घर पेटवते का?" नवव्या दिवशी कूलर झाकून ठेवायचा म्हणून खिडकीतून काढला तर टाकीच्या तळाला चार बोटं पाणी आणि त्यात अळ्या नुसत्या वळवळू राहिलेल्या. म्हणजे मी हॉलमध्ये धूर करत होते आणि मच्छरांचा पाळणा खिडकीत हलत होता.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, कूलरशिवाय मे निघत नाही, आणि पहिला पाऊस पडला की आपण फक्त बटन बंद करतो, पाणी आत तसंच. त्यात नळ कित्येक गावांत आठ-आठ दिवसांनी येतो म्हणून ड्रम, टाकी, पिंप, बादल्या सगळं भरून ठेवलेलं. गरम हवेत अंड्यापासून उडता मच्छर व्हायला साधारण 7 ते 10 दिवस पुरतात, म्हणजे दोन नळांच्या मधला वेळ त्यांना अगदी मापात मिळतो.

बरं, पाणी ओतून दिलं की झालं असंही नाही. डेंग्यूचा मच्छर, तो काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस, त्याची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, मार्चमध्ये तुम्ही कूलरमध्ये परत पाणी टाकलं की फुटतात. म्हणून टाकी काथ्याने नाहीतर कडक ब्रशने खसाखसा घासायची, उन्हात वाळवायची, जुनं गवत टाकून द्यायचं. ड्रमचंही तेच, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असं आरोग्यवाले सांगतात ते उगीच नाही. ड्रमवर कपडा बांधत असाल तर ताणून बांधा, मी सायकलची जुनी ट्यूब कापून तिचं रबर वापरते, एकदम फिट बसतं. कपडा ढिला राहिला की मच्छर फटीतून आत जातोच.

हौद मोठा असेल, घासणं जमत नसेल तर अळ्या खाणारे गप्पी मासे. जिल्ह्याच्या हिवताप कार्यालयात विचारा. पण आमच्या भावाने सकाळी मासे सोडले, संध्याकाळी ब्लिचिंग पावडर टाकली आणि दुसऱ्या दिवशी सगळे पोट वर करून तरंगत होते. ब्लिचिंगमधलं क्लोरीन माशांना चालत नाही, दोन्हींपैकी एक ठरवा. आणि उरलेले मासे नदी-तळ्यात सोडू नका, तिथले आपले मासे संकटात येतात.

तुळशीचं पण सांगून टाकते. तुळस लावली की मच्छर येत नाही म्हणून गॅलरीत चार कुंड्या ठेवतात आणि प्रत्येक कुंडीखाली ताटली, ताटलीत पाणी! नुसत्या उभ्या झाडाने काही फरक पडत नाही, ताटलीने मात्र पडतो, उलटा. पाखरांसाठी ठेवलेलं परळ, मनीप्लँटची बाटली, गच्चीवरचं टायर, सगळं त्याच यादीत.

आता तेलं. इथे माझी स्वतःची चूक, निलगिरीचं तेल थेट लेकाच्या पायाला चोळलं आणि तासाभरात लाल चट्टे. ही तेलं तशीच अंगाला लावायचीच नसतात. 50 मिली खोबरेल तेलात साधारण 20 थेंब एवढंच, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघायचं. लहान लेकरांच्या नाका-तोंडाजवळ निलगिरी नकोच, श्वासाला त्रास होऊ शकतो. सिट्रोनेलाचा (एका वासाच्या गवताच्या तेलाचा) असर एक-दोन तासच राहतो आणि आपल्याकडच्या घामात त्याहून कमी, म्हणून रात्री नऊला लावून पहाटे पाचला चावतात कसे असं विचारू नका. निंबाचं तेल खोबरेलात 100 मिलीला अर्धा चमचा टाकून लावतात, ते ठीक आहे, पण पाजायचं कधीच नाही, तान्ह्या बाळांना त्याने जिवावर बेतलेलं आहे. कापूर पण लेकरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, थोडा जरी गिळला तरी झटके येतात.

आंबट लिंबाचा रस अंगाला चोळून शेतात जाणाऱ्यांना तर हात जोडते. लिंबाचा रस लावलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड आणि नंतर काळे डाग, मग महिनाभर लोक विचारत राहतात काय झालं म्हणून.

धूर अगदीच बेकार नाही, गोठ्यात, ओट्यावर उघड्या हवेत चालतो. चूक ही की आपण दारं-खिडक्या लावून आत धूर करतो, मच्छर पलंगाखाली दबा धरून बसतात आणि दमेकरी म्हातारं माणूस मात्र गुदमरतं. त्यापेक्षा दिवेलागणीच्या आधीच खिडक्यांना जाळी, आणि झोपताना फॅन जोरात. मच्छराला वाऱ्यात नीट उडता येत नाही, साधी गोष्ट आहे पण कामाची.

मच्छरदाणी सगळे रात्री लावतात, पण एडिस दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. म्हणजे दिवसा झोळीत झोपलेलं बाळ उघडंच! झोळीवर जाळी टाका, आणि कोपरा बाळाच्या अंगाला चिकटू देऊ नका, जाळीतूनही चावतो तो.

राहिली 'हर्बल' अगरबत्ती. पाकिटावर निंबाचं पान छापलेलं असलं म्हणजे आत निंब असतोच असं नाही, बिनपरवाना अगरबत्त्यांमध्ये कीटकनाशक मारलेलं सापडलेलं आहे. 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे असल्या औषधाला नोंदणी लागते, पाकिटावर नोंदणी नंबर आणि आतल्या औषधाचं नाव बघा. दुकानदार म्हणतो, "ताई, एकदम नॅचरल आहे, एका काडीत मच्छर पटापट पडतात." निंबाच्या पाल्याने आमच्याकडे आठ दिवसांत एकही पडला नव्हता, मग एका काडीत पटापट पडतात ते कशाने, हे त्यालाच विचारा.