बोटीचं टॉयलेट साफ करताना या चुका टाळा

बेलापूर, नेरूळ, ऐरोली किंवा ठाण्याच्या बाजूला, ठाणे खाडीत बोट ठेवणाऱ्या बहुतेकांची एक तक्रार ठरलेली असते: टॉयलेटचा वास काही केल्या जात नाही. मग बाटलीभर फिनाईल ओतलं जातं. चूक इथूनच सुरू होते.

फिनाईलने वास दबतो, जात नाही. बोटीचं टॉयलेट हातपंपाने चालतं, तो खाडीचं पाणी आत घेतो आणि घाण बाहेर ढकलतो. पांढऱ्या फिनाईलमधलं पाइन तेल या पंपातल्या रबराला खातं. पंपातून घाण बाहेर पडते त्या तोंडाशी चोचीच्या आकाराचा एक रबरी व्हॉल्व्ह असतो, त्याला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. गेलेली घाण परत भांड्यात येऊ नये, एवढंच त्याचं काम. तो फुगला, कडक झाला किंवा त्याच्या फटीत क्षार बसला, की सकाळी भांड्यात काळपट पाणी वर आलेलं दिसतं. अशा वेळी लोक पूर्ण पंप बदलायला निघतात. आधी हा व्हॉल्व्ह काढून बघा. स्वस्त वस्तू आहे, वर्षाला एकदा बदलूनच टाकावी. पंप जड चालत असेल तर इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर आणखी बिघडतं. सिलिकॉन ग्रीस वापरा.

ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर

खारं पाणी आणि लघवी एकत्र आली की पाइपाच्या आत कॅल्शियमच्या क्षारांचा थर धरतो. जुना दीड इंची पाइप कापून पाहिला तर कधी कधी मधे जेमतेम अंगठा जाईल एवढंच भोक उरलेलं असतं. थर वरून तपकिरी, आतून पांढरा, आणि नखाने खरवडून निघत नाही इतका घट्ट. हे तुंबणं दोरी किंवा तार घालून मोकळं होत नाही, म्हणून कोणीतरी बाथरूमचं ऍसिड आणतं.

ते करू नका. ऍसिड पंपाच्या आणि सी-कॉकच्या (पाइप बोटीच्या अंगातून बाहेर पडतो तिथल्या बंद-उघड करायच्या नळाच्या) धातूला खातं. त्याहून वाईट म्हणजे आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. बोटीचं टॉयलेट म्हणजे कपाटाएवढी खोली, तिथे वायू पसरायला जागाच नाही. साचलेल्या लघवीत ब्लीच ओतलं तरी विषारी क्लोरामाइन तयार होतं. डोळे चुरचुरले, खोकला आला, छाती आवळल्यासारखी वाटली तर काम तिथेच टाकून उघड्यावर या आणि डॉक्टरला दाखवा. बरं वाटलं म्हणून घरी जाऊ नका, फुप्फुसाला झालेला त्रास काही तासांनीही उफाळतो.

थर पातळ असेल तर साधं व्हिनेगर पाइपात रात्रभर राहू द्या आणि सकाळी भरपूर गोड्या पाण्याने पंप मारा. थर जाड असेल तर बोट किनाऱ्यावर असताना पाइप काढून जेटीच्या काँक्रीटवर आपटा, खपल्या आपोआप गळतात. खाली ताडपत्री अंथरा, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांना गॉगल हवाच. आणि वापरानंतर दोन हात मारून थांबू नका. पाइप जितका लांब, तितका जास्त वेळ पंप मारायचा, म्हणजे मधे घाण उभी राहत नाही.

वास नेमका कुठला?

सकाळी पहिला पंप मारताच सडक्या अंड्याचा वास आला आणि मग गेला, तर दोष मैल्याचा नाही. आत घेतलेलं खाडीचं पाणी पाइपात बसून राहतं, त्यातले सूक्ष्म जीव मरून कुजतात. बोट सोडण्याआधी भांड्यात गोडं पाणी ओतून पंप मारला तर मैल्याच्या वाटेवर खारं पाणी उभं राहत नाही, पण आत येणाऱ्या पाइपातलं पाणी तसंच राहतं. त्या पाइपालाही गोडं पाणी द्यायची सोय करून घेतलेली बरी. आपल्याकडे ओहोटीला जेटीजवळ बोट चिखलाला टेकते, तेव्हा तर पंप मारूच नका, गाळ थेट आत जातो.

वास कायमचा असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपावर घासा आणि लांब नेऊन हुंगा. फडक्याला वास आला म्हणजे पाइपच मुरलेला आहे, तो बदलण्याला इलाज नाही.

मैला साठवायची टाकी असेल तर तिच्या हवेच्या नळीकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते, बाहेरून मीठ धरतं. हवा बंद झाली की टाकीतली कुजण्याची जात बदलते आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. भरताना टाकी फुगते, उपसताना आत चेपते. नळी महिन्यातून एकदा तपासा.

आपल्या सवयीचाही हिशोब ठेवा. आपण पाणी वापरतो. ४० लिटरची टाकी एका वेळी २ लिटर पाणी गेलं तर २० वेळांत भरते, जेट मोकळा सोडून ५ लिटर गेले तर ८ वेळांतच. पाहुणे चढताच त्यांना हे सांगा. ओले वाइप्स, पॅड, गुटख्याच्या पुड्या यांसाठी झाकणाचा डबा ठेवा.

सी-कॉक उघडा ठेवून घरी जाणं

भांडं पाण्याच्या पातळीखाली असेल तर पाणी सायफनने स्वतःहून आत येतं. ते थांबवायला पाइपाचा उंच वळसा आणि त्याच्या टोकावर हवेचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो मिठाने चिकटतो, म्हणून कोमट पाण्याने धुवा. तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. अर्धा मीटर खाली दीड इंची पाइप निसटला तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत शिरतं. बोट सोडताना सी-कॉक बंदच हवा. दांडा अडकला असेल तर बोट पाण्यात असताना हातोडा मारू नका. प्रत्येक सी-कॉकजवळ मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा, पाइप निसटला तर भोकात ठोकायला.

टाकीत माणूस उतरवू नका

मोठ्या प्रवासी बोटींवर ही चूक जीव घेते. टाकीत किंवा तिच्या बाजूच्या बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) एखाद्या नवख्या खलाशाला उतरवतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाला तरी जिवाला धोका असतो, आणि त्याच सुमाराला नाकाची वास घेण्याची ताकद जाते. म्हणजे वास थांबला याचा अर्थ वायू गेला असा होत नाही. पहिला कोसळला की दुसरा वाचवायला उडी मारतो आणि तोही जातो. सेप्टिक टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी बोटीवर आहे म्हणून वायू सौम्य होत नाही. उपसा बाहेरून, नळीने, सक्शन गाडीकडून करून घ्या. कोणी आत पडलाच तर मागे उतरू नका, १०१ किंवा ११२ ला फोन करा. झाकणाजवळ विडी-सिगारेटही नको, टाकीत मिथेन असतो.

रात्री खाडीत सोडून देणं

"अख्ख्या शहराचं सांडपाणी जातंच की" असं सांगून टाकी खाडीत रिकामी करणारे आहेत. ठाण्याकडचा खाडीचा भाग अरुंद आणि उथळ, तिथली घाण भरती-ओहोटीने पटकन निघून जात नाही. याच खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. आणि याच चिखलात कोळी माणसं गुडघाभर उतरून हाताने चिंबोऱ्या आणि निवट्या पकडतात. त्यांच्या पायाला जखम असते, त्याच हातांनी ती जेवतात. मोठ्या जहाजांसाठीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडेच सोडता येतो. ठाणे खाडीत कुठेही उभे राहा, किनारा तेवढा लांब नाही. खाडीत असताना वाय-व्हॉल्व्ह (मैला टाकीत जावा की बाहेर, हे ठरवणारा) टाकीच्या बाजूला वळवून तारेने बांधून टाका, म्हणजे चुकून कोणी फिरवणार नाही.

पावसाळ्यासाठी बोट ओढायच्या आधी टाकी उपसून दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुवा, पंपातलं पाणी काढा, जोकर व्हॉल्व्ह बदला आणि प्रत्येक पाइपाला स्टेनलेसचे दोन-दोन क्लॅम्प आहेत ना हे बोटाने चाचपून बघा. गंजलेला क्लॅम्प खालच्या बाजूने तुटतो, वरून तो नवाच दिसतो.