गर्दीचा खेकड्यांवर होणारा परिणाम कसा मोजावा : कऱ्हाडहून गुहागरला सहल नेणाऱ्या शिक्षकांसाठी

कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरला जाणारी शालेय सहल बहुधा रविवारी दुपारी किनाऱ्यावर पोहोचते आणि वाळूतल्या खेकड्यांची मोजणी करायची असेल, तर नेमकी हीच वेळ सर्वांत निरुपयोगी ठरते. पहिल्या खेपेला आम्ही हीच चूक केली. गजबजलेल्या भागात एकही बीळ दिसेना, म्हणून विद्यार्थ्यांनी वहीत ‘येथील खेकडे नष्ट झाले’ असे लिहिले आणि मीही त्याखाली सही केली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच जागी ताजी बिळे उघडलेली होती. पायांखाली बिळाचे तोंड बुजले, एवढ्यावरून आतला खेकडा मेला असे म्हणता येत नाही.

मोजायची ती ऑसिपोड प्रजातीतील, उंच देठांवर डोळे असलेल्या, वाळूच्याच रंगाच्या चपळ खेकड्यांची बिळे. ती भरतीच्या रेषेच्या आसपास आणि तिच्या वरच्या कोरड्या वाळूत आढळतात. ओहोटीच्या ओल्या पुळणीवर बारीक गोळ्यांची जी नक्षी दिसते, ती वाळूतले अन्नकण गाळून खाणाऱ्या दुसऱ्याच लहान खेकड्यांची असते. तिची गल्लत करू नये. आपल्याकडे बांधावरच्या खेकड्याचे बीळ चिकट मातीत असल्यामुळे टिकते, तर वाळूतले बीळ केवळ कणांमधल्या ओलाव्यावर उभे राहते. कल्ले ओले ठेवण्यासाठीही ओल लागतेच, त्यामुळे मोठा खेकडा कधीकधी मीटरभर खोल उकरत जातो.

दिवस निवडताना पंचांग पाहावे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब येथे फार उपयोगी पडतो. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास येते, म्हणजे सकाळची ओहोटी साडेसात-पावणेआठला असते. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस पहाटेच्या मोजणीसाठी सोयीचे असतात.

मुख्य वाटेजवळ, जिथे पर्यटक उतरतात आणि गाड्या किंवा घोडे फिरतात, तिथे भरतीच्या रेषेपासून वरच्या सुरूच्या झाडांपर्यंत दोन मीटर रुंदीचे तीन पट्टे सुतळीने आखावेत. तितकेच पट्टे दूरच्या निवांत भागात आखावेत, मात्र तेथील उतार आणि वाळू शक्यतो सारखी असावी. नाहीतर वाळूतला फरक माणसांच्या माथी मारला जातो. प्रत्येक बिळाच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये नोंदवावा, कारण त्यावरून खेकड्याच्या आकाराचा अंदाज येतो. ताजी उकरलेली वाळू किंवा पायांच्या खुणा असलेल्या बिळांपुढे वेगळी खूण करावी. माणसे, कुत्री आणि चाकांचे माग यांची मोजणीही त्याच पानावर असावी.

रविवारी पहाटे, त्याच दिवशी अकरा वाजता आणि सोमवारी पहाटे अशी तीनदा मोजणी करावी. अकराची मोजणी निवांत पट्ट्यांतही करणे आवश्यक आहे, कारण ऊन चढल्यावर खेकडे स्वतःच आतून तोंड बुजवतात. तेथे झालेली घट ही उन्हाची, आणि गजबजलेल्या भागात त्याहून जास्त झालेली घट ही बहुतांशी तुडवण्याची समजावी. सोमवारी पहाटेही वर्दळीच्या भागातली संख्या कमीच राहिली, तर परिणाम केवळ तोंड बुजण्यापुरता नाही. तरीही खेकडे मेले की दुसरीकडे सरकले, हे या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. चाकांच्या बाबतीत धोका अधिक थेट असतो : खेकडे अन्नासाठी मुख्यतः रात्री बाहेर पडतात आणि तेव्हा वाळूवर गाडी फिरली, तर ते चिरडले जातात.

एखाद्या वर्दळीच्या जागी बिळे उलट जास्त दिसली, तर आकडा खोडू नये. भेळ, मक्याची कणसे, मासळीचे तुकडे अशा उष्ट्याखरकट्यावर खेकडे येतात, त्यामुळे खाऊच्या गाड्या तिथून किती अंतरावर आहेत, हेही लिहून ठेवावे.

बीळ उकरून आतला खेकडा पाहण्याचा विद्यार्थ्यांचा हट्ट मात्र पुरवू नये. त्याने पट्टाच बिघडतो आणि सोमवारची मोजणी वाया जाते. सुतळी आखण्याचा आणि व्यास मोजण्याचा सराव निघण्यापूर्वी शाळेच्या मैदानावर मुंग्यांच्या बिळांवर करून घ्यावा, म्हणजे पहाटेच्या अपुऱ्या उजेडात गोंधळ होत नाही.