लेकराला तीन-चार भाषा याव्यात असं वाटतंय? मग घरात या चुका टाळा

"बेटा, इकडं कम. वॉटर पी. तो बघ डॉगी!" लातूर असो की नांदेड, संध्याकाळी कुठल्याही कॉलनीत हे ऐकू येतं. लेकरू इंग्रजी शाळेत मागं पडू नये, एवढीच आई-बापाची तळमळ असते. पण यातून लेकराच्या हाती लागतात चार सुटे शब्द. इंग्रजी वाक्य कसं चालतं ते त्याला कळत नाही आणि 'कुत्र्याला तहान लागली वाटतं, जीभ बाहेर काढलीय बघ' हे मराठीतलं भरलेलं वाक्यही कानावर पडत नाही.

स्वतःला नीट न येणारी भाषा घरात रेटणं ही सगळ्यांत मोठी चूक. ज्या भाषेत तुम्हाला गोष्ट रंगवता येते, रागावता येतं, लाड करता येतात, तीच लेकराशी पोटभर बोला. कारण सांगणं, क्रम लावणं, अंदाज बांधणं लेकरू एका भाषेत शिकलं की दुसऱ्या भाषेत ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय.

शाळा इंग्रजी असली तरी उपाय हाच. समजा, शाळेत जलचक्राचा धडा चालू आहे. वरण शिजताना पातेल्यावरचं झाकण जपून उचला आणि आतून धरलेले थेंब लेकराला दाखवा. "झाकणाला तर आपण पाणी लावलं नव्हतं, मग हे आलं कुठून?" त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या, चुकू द्या, पुन्हा विचारा. वाफ वर गेली आणि थंड होऊन पाणी झाली, हे त्याच्या तोंडून आलं की मग पुस्तकातले 'इव्हॅपोरेशन' आणि 'कंडेन्सेशन' त्याला जोडा. अशा लेकराला घोकंपट्टी करावी लागत नाही.

इंग्रजीसाठी रोज थोडा वेळ ठेवा. चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचा, उच्चार थोडे इकडंतिकडं झाले तरी चालतील. मोबाइल हातात देऊन मात्र मोकळे होऊ नका. समोरचं माणूस उत्तर देतं तेव्हाच लहान लेकराची भाषा वाढते.

दुसरी चूक मनाला जास्त लागते. उदगीरकडचं लेकरू पाहुण्यांसमोर "मी जेवलालो" म्हणालं की आई दटावते, "नीट बोल की!" पुढच्या वेळी ते बोलतच नाही. तांड्यावरचे आई-बाप तर लेकराला शाळेत अडचण नको म्हणून गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बंदच करतात, मग आजीशी त्याचं बोलणं 'हो-नाही'वर येतं. देगलूर-बिलोलीकडची तेलुगू, उमरग्याकडची कन्नड, संभाजीनगरच्या गल्लीतली दखनी, सगळ्यांचं तेच. वहीत 'मी जेवतोय' लिहितात आणि घरात 'जेवलालो' म्हणतात, एवढं शांतपणे सांगितलं की लेकराला दोन्ही जागा बरोबर कळतात.

सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत आणि उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षणही उर्दूत. आपले कितीतरी आजे-पणजे घरी मराठी बोलत आणि शाळा-कचेरीत उर्दू लिहीत. जास्त भाषांनी लेकराचा गोंधळ उडतो, असं मराठवाड्यात तरी कुणी म्हणू नये.

लेकरू एकाच वाक्यात दोन भाषा मिसळतं, तेव्हा टोकू नका. तेच वाक्य तुम्ही सरळ करून बोला आणि गप्पा पुढं न्या.

संस्कृतीचंही भाषेसारखंच आहे. शाळेच्या कार्यक्रमाला फेटा किंवा बंजारा बायकांची फेटिया-कांचळी (घागरा-चोळी) भाड्यानं आणून फोटो काढला म्हणजे ओळख झाली, असं होत नाही. ईदेला शेजारच्या चाचींकडं शीरखुर्मा खायला लेकराला सोबत न्या आणि दिवाळीला फराळाचं ताट त्याच्याच हातून पाठवा. नांदेडला गेलात तर हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरला पंगतीत बसवा आणि तिथंच सांगा की नरसीच्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. मग हिंगोली ते पंजाब कसं जोडलं गेलं, असं लेकरूच विचारील.

शेवटची चूक दोन्हीकडून होते. लेकरू उशिरा बोलायला लागलं की काही जण घरातली एक भाषा बंद करतात, तर काही 'दोन भाषा आहेत, लागेलच वेळ' म्हणून थांबतात. दोन भाषांमुळं वाचा अडत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'माय ये'सारखे दोन शब्द जोडत नाही किंवा येत असलेले शब्द गळायला लागले, तर वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांकडं किंवा जिल्हा रुग्णालयात न्या आणि सगळ्यांत आधी कान तपासून घ्या.