कोकणातल्या घराचं सांडपाणी: शोषखड्डा नको, कर्दळीचा वाफा करा

घाटावर सांडपाण्याला शोषखड्डा पुरतो. किनाऱ्यालगत तोच खड्डा आषाढात खालून भरतो. गुहागर, हर्णै, मालवणच्या पट्ट्यात पावसाळ्यात विहिरीचं पाणी बरंच वर येतं. मे महिन्यात कोरडा ठणठणीत दिसलेला खड्डा तेव्हा भूजलातच उभा असतो, आणि मोरीचं पाणी गाळलं न जाता जांभ्यातल्या भोकांमधून शेजारच्या विहिरीकडे निघतं. म्हणून इथे पाणी आधी खडी भरलेल्या, कर्दळ लावलेल्या पक्क्या वाफ्यात साफ करायचं आणि मगच माडांना द्यायचं.

पुढची मापं पाच माणसांच्या घराची आहेत. न्हाणी, धुणी आणि भांड्यांचं मिळून रोजचं 400 लिटर पाणी धरलं आहे. संडासाचं पाणी यात एक थेंबही येता कामा नये. त्याची टाकी वेगळी.

1. जागा. विहिरीपासून किमान 15 मीटर लांब, उताराला विहिरीच्या खालच्या अंगाला, ऊन येईल अशी. न्हाणीच्या तळापेक्षा वाफा हातभर खाली हवा, म्हणजे पंप लागत नाही. पागोळ्यांचं पाणी त्यात पडू देऊ नका.

2. पिंप. बिघाड बहुतेक वेळा इथेच सुरू होतो, त्यामुळे इथे कसूर नको. मासळी धुतलेल्या पाण्यात खवले असतात, वाटणाच्या भांड्यात नारळाचा चोथा. हे मोरीच्या तोंडाशीच 2 मिमीच्या जाळीवर अडवा आणि रोज कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. जाळीपुढे 200 लिटरचं झाकणाचं प्लास्टिकचं पिंप जमिनीत बसवा. बाहेर जाणाऱ्या नळीला टी (T आकाराचा जोड) जोडून तिचं खालचं तोंड पाण्यात 30 सेंमी बुडवा: तेल वर तरंगत राहतं, गाळ तळाला बसतो, मधलं पाणी पुढे जातं. आत येणारी नळी बाहेर जाणारीपेक्षा 5 सेंमी वर ठेवा. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे पौषातल्या सकाळी नळी तुंबते. त्या दिवसांत वरची साय दर आठवड्याला काढाच.

3. वाफा. लांबी 4 मीटर, रुंदी 1.25 मीटर, खोली 60 सेंमी. त्यातले 20 सेंमी जमिनीच्या वर, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी आत शिरत नाही. चिऱ्याची भिंत, आतून सिमेंटचा गिलावा. वाळू समुद्राची किंवा खाडीची नको, मिठाने गिलावा खराब होतो. तळाला लांबीभर 4 सेंमी उतार द्या. पाणी भरून खडूने खूण करा. 24 तासांत 1 सेंमीपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे.

4. खडी. दोन्ही टोकांना 40 सेंमी लांबीपर्यंत 40 ते 60 मिमीचे गोटे आणि मध्ये 10 ते 20 मिमीची काळी खडी, 55 सेंमी उंचीपर्यंत. सगळं मिळून साधारण एक ब्रास (100 घनफूट). जांभ्याची खडी स्वस्त पडते, पण ती झिजून भुकटी होते आणि वाफा बुजतो. काळी खडीसुद्धा बादलीतलं पाणी नितळ होईपर्यंत धुवा.

5. नळ्या. आत येणारी 75 मिमीची पीव्हीसी नळी वाफ्याच्या रुंदीत आडवी टाकून तिला 10 मिमीची भोकं पाडा आणि गोट्यांनी झाका. बाहेरची नळी तळाशी. भिंतीबाहेर तिला एल्बो (काटकोनी जोड) लावून उभा तुकडा जोडा. त्याचं तोंड जितकं उंच, तितकी आतल्या पाण्याची पातळी. ती खडीच्या 5 सेंमी खाली ठेवली की उघडं पाणी राहत नाही आणि डास होत नाहीत. एल्बो चिकटवू नका, नुसता घट्ट दाबा. पुढे फिरवावा लागतो.

6. कर्दळ. कंद 30 सेंमी अंतरावर, म्हणजे पन्नासेक. पहिले दोन महिने निम्मंच सांडपाणी सोडा, बाकीचं साधं पाणी. सुकलेली पानं कापून बाहेर काढा, खडीवर कुजू देऊ नका.

निघालेलं पाणी माडाच्या आळ्यात किंवा केळीला सोडा, पालेभाजीला नको. ते एका दिवसाहून जास्त साठवू नका, वास धरतं.

खडीवर पाणी साचू लागलं तर पूर्ण वाफा उपसू नका. फक्त येणाऱ्या टोकाचे गोटे काढा, धुवा, परत भरा. जास्तीत जास्त गाळ तिथेच असतो. वाफ्याला कुजका वास आला तर आधी पिंप पाहा, बहुधा साय काढलेली नसते. पिंपातला गाळ काढायचा तो एप्रिलमध्ये. पावसाळ्यात रिकामं केलेलं पिंप खालच्या पाण्याच्या दाबाने वर उचललं जातं आणि नळ्यांचे सांधे उखडतात.