रोड बाइकचे गिअर वाढवताय? आधी या चुका टाळा

8 स्पीडची (मागे 8 गिअर असलेली) बाइक 11 स्पीड करावी का? 11 ची 12 करून काही फरक पडेल का? नुसते गिअर मोजून या प्रश्नांचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी मागच्या कॅसेटच्या, म्हणजे चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, प्रत्येक चकतीला किती दात आहेत, ते एकदा कागदावर ओळीने लिहून काढायला हवं. हे न करता केलेला बदल बहुतेक वेळा फुकट जातो.

चूक पहिली: जास्त गिअर म्हणजे सोपा चढ, असं धरून चालणं

शिमानो या कंपनीची 11 स्पीडची 11-30 (सर्वांत लहान चकती 11 दातांची, सर्वांत मोठी 30) कॅसेट बघा: 11-12-13-14-15-17-19-21-24-27-30. त्यांच्याच 12 स्पीडच्या 11-30 मध्ये या सगळ्या चकत्या जशाच्या तशा आहेत. भर पडली ती फक्त 15 आणि 17 च्या मधल्या 16 दाती चकतीची. म्हणजे चढावरचा सर्वांत हलका गिअर होता तोच राहिला. 12 स्पीडच्या 11-34 मध्ये मात्र त्याच अकरा चकत्या आहेत आणि शेवटी 34 ची जोडली आहे. दोन्हीकडे चकती एकच वाढली, पण दोन्हींचा उपयोग पूर्णपणे वेगळा.

16 ची चकती सपाटीवर वेगाने चालवणाऱ्यांसाठी आहे. 17 दातांच्या चकतीवर मिनिटाला पॅडलचे 90 फेरे मारताना थेट 15 वर गेलात, तर तोच वेग ठेवायला 79 फेरे लागतात. मध्ये 16 असेल तर 85. गटात पुढच्याच्या चाकामागे राहायचं असतं किंवा समोरून वारा असतो, तेव्हा पायांना हा फरक नक्की जाणवतो. एकट्याने, मनाच्या वेगाने जाणाऱ्याला तो क्वचितच कळेल.

34 चं गणित निराळं. पुढे 34 ची चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) आणि मागे 34 ची चकती असताना 70 फेऱ्यांना ताशी साधारण 8.8 किमी वेग मिळतो. मागे 30 असेल तर त्याच वेगाला फेरे 62 वर येतात आणि प्रत्येक फेऱ्यात जोर जास्त लागतो. लांब, उभ्या चढावर गुडघ्यांना सुटका हवी असेल तर खरी किंमत या 34 ची आहे. आणि ती मिळवायला 12 स्पीड लागतेच असं नाही. 11 स्पीडमध्येही 11-34 मिळते: 11-13-15-17-19-21-23-25-27-30-34. त्यात 12 आणि 14 जातात, पण चढ हेच दुखणं असेल तर हा सौदा उत्तम.

8 स्पीडवाल्यांचं मात्र वेगळं आहे. 11-13-15-18-21-24-28-32 या कॅसेटवर 18 वरून 15 वर जाताना 90 चे थेट 75 फेरे होतात. असा खड्डा रोज पायाला लागत असेल तर 10 किंवा 11 स्पीडवर जाणं सार्थकी लागतं. आमचं स्पष्ट मत: 8 वरून 11 हा बदल कळतो, 11 वरून 12 हा बदल फक्त त्या एका चकतीसाठी करू नका. ड्राइव्हट्रेन (चेन, चकत्या वगैरे) झिजली असेल आणि सगळं बदलायचंच असेल, तर गोष्ट वेगळी.

चूक दुसरी: पुढे 2, मागे 11, म्हणून 22 गिअर मोजणं

50/34 (एक 50 दातांची, एक 34) चेनरिंग आणि वरची 11-30 कॅसेट घेतली तर 34×19 (पुढे 34, मागे 19) आणि 50×27, 34×17 आणि 50×24, 34×13 आणि 50×19 या जोड्या जवळपास एकच आहेत. अशा सहा जोड्या निघतात. वेगळे म्हणावेत असे गिअर उरतात सोळाच्या आसपास, आणि त्यातही चेन फार तिरकी होणारे वापरू नयेत. मागे एक चकती वाढली की नवा गिअर मिळतो की जुन्याचीच नक्कल, हे आधी तपासा.

चूक तिसरी: फक्त कॅसेट आणि चेन विकत घेणं

मागे किती टप्पे, हे शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका) ठरवतो. 8 स्पीडच्या शिफ्टरवर 11 ची कॅसेट चालणार नाही. गिअर वाढवायचे तर शिफ्टर, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), कॅसेट, चेन आणि केबल हा पूर्ण संच धरा. फ्रीहबही बघा, म्हणजे मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते तो. शिमानोची 11 स्पीडची रोड फ्रीहब बॉडी जुन्या 8/9/10 च्या बॉडीपेक्षा 1.85 मिमी लांब असते, त्यामुळे बहुतेक 11 स्पीड रोड कॅसेट जुन्या चाकावर बसत नाहीत. वर सांगितलेली 11 स्पीडची 11-34 मात्र जुन्या बॉडीवर बसते, आणि नव्या लांब बॉडीवर बसवताना तिच्यामागे 1.85 मिमीचा स्पेसर (पातळ कडं) घालावा लागतो. तो विसरला की लॉकरिंग (कॅसेट कसणारी रिंग) पूर्ण कसूनही कॅसेट हलत राहते.

सर्वांत जास्त फसगत होते ती आकडा सारखा असलेल्या भागांत. शिमानोच्या जुन्या 10 स्पीड रोड डिरेलरचं गुणोत्तर 1.7 आहे, म्हणजे केबल 1 मिमी ओढली की डिरेलर 1.7 मिमी सरकतो. शिमानोचीच टियाग्रा 4700 ही मालिका सुद्धा 10 स्पीडच, पण तिचं गुणोत्तर 11 स्पीडसारखं 1.4. जुना 10 स्पीड शिफ्टर 4700 च्या डिरेलरला जोडला तर प्रत्येक क्लिकला सुमारे 0.7 मिमी कमी पडतं. पहिले एकदोन गिअर बरे पडतात, मग चेन दोन चकत्यांच्या मध्ये खडखडत राहते. कितीही अॅडजस्ट केलं तरी हे जुळत नाही.

चूक चौथी: डिरेलरची क्षमता न पाहणं

क्षमता म्हणजे डिरेलर चेनची किती ढील सामावून घेतो ते. हिशेब सोपा आहे. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक आणि मागच्या मोठ्या व लहान चकतीतला फरक यांची बेरीज करा. 50/34 आणि 11-34 ला 16 + 23 = 39. शिमानोच्या अल्टेग्रा आर 8000 चा लांब केजचा (केज म्हणजे डिरेलरची दोन छोटी चाकं, पुली, धरणारा भाग) डिरेलर 34 ची चकती आणि 39 ची क्षमता पेलतो; छोट्या केजचा 30 आणि 35 वर थांबतो. मोठी कॅसेट लावताना जुनीच चेन ठेवू नका. नवी चेन डिरेलरमधून न ओवता मोठी चेनरिंग आणि मोठी चकती यांवर गुंडाळा आणि जिथे टोकं जुळतील त्याच्या पुढे 1 इंच, म्हणजे दोन कड्या, जास्त ठेवा. चेन आखूड राहिली आणि चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला, तर डिरेलर किंवा हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) तुटू शकतो.

बसवल्यावर नीट चालत नसेल तर

8 स्पीडमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, 4.8 मिमी असतं. 10 मध्ये 3.95, 11 मध्ये 3.7 च्या आसपास. जुन्या बाइकवर खपून जाणारी अर्ध्या मिमीची चूक इथे लगेच दिसते.

मोठ्या चकतीवर चढताना चेन रेंगाळते? केबल सैल आहे. बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारी घुंडी) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा आणि पुन्हा बघा.

लहान चकतीवर उतरायला उशीर लागतो? इथे केबल आणखी ताणणं ही हमखास होणारी चूक. चेन खाली आणायचं काम डिरेलरच्या स्प्रिंगचं असतं, आणि आउटरमध्ये (केबलच्या बाहेरच्या नळीत) घर्षण असेल तर ती स्प्रिंग हरते. आतली तार आणि आउटर दोन्ही बदला, विशेषतः डिरेलरजवळचा शेवटचा वळसा.

मधले गिअर छान, पण एक टोक जुळवलं की दुसरं बिघडतं? हँगर वाकला आहे. बाइक उजव्या बाजूवर पडली की हे होऊ शकतं. हँगर गेजने सरळ करा, स्क्रू फिरवत बसू नका.

मोठ्या चकतीवर वरची पुली घासत असेल तर बी स्क्रू (पुली आणि चकती यांतली फट ठरवणारा) आत घ्या. फट साधारण 5-6 मिमी पुरते. कॅसेट किंवा चाक बदललं की लो लिमिट स्क्रू (चेनला मोठ्या चकतीपलीकडे जाऊ न देणारा) पुन्हा लावाच, नाहीतर चेन थेट स्पोकमध्ये जाऊ शकते.

ठीक चालणारे गिअर अचानक अनियमित पडू लागले, तर शिफ्टरमध्ये केबलच्या डोक्याजवळची तार उसवली आहे का बघा. ती आत तुटली तर तुकडे काढायला फार त्रास होतो.

राहिली झीज. 10 स्पीडपर्यंतची चेन 0.75 टक्के लांबली की बदलतात. 11 आणि 12 ची 0.5 टक्क्यालाच. मोजणी सोपी आहे: पिनपासून पिनपर्यंत 24 कड्या नव्या चेनमध्ये 304.8 मिमी भरतात, 306.3 झाल्या की 11 किंवा 12 स्पीडची चेन काढा. उशीर केलात तर कॅसेटही झिजते आणि मग त्यावर नवी चेन जोर लावताच घसरते. शिमानोची 11 आणि 12 स्पीडची क्विक लिंक (चेनची टोकं जोडणारी कडी) एकदा उघडली की पुन्हा वापरू नये, म्हणून चेन बदलताना नवी लिंक हाताशी ठेवा.